पाच विडे, एक जहाज

अप्पा, तुमचा नातू अजून जहाजावरच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. निळीच्या पिंपाकडे जाऊ नये म्हणून तुम्ही त्याच्या वाटेत लाकडी ठशांची पेटी आडवी लावायचात आणि तो ती पेटीच ढकलत ढकलत तुमच्यापर्यंत यायचा. दादाला वाटत होतं, लष्कर मोहल्ल्यातला आपला कापड छापायचा कारखाना मुलानं पुढे चालवावा. मुलानं समुद्र निवडला. आपल्या घराला पाणी म्हणजे नळाचं, नाहीतर वरुण्याच्या कालव्याचं. समुद्र पाहिलेलं आपल्यात होतं कोण? पण तो शिकला, जहाजाच्या यंत्रांवर इंजिनीअर झाला, आणि दादा जायच्या आधी एकदा पांढऱ्या गणवेशात येऊन त्याच्या पाया पडला. आता दादाही नाही. घरात मी आणि वहिनी. स्वयंपाकघराच्या फळीवर वहिनीनं मुलासाठी दळलेल्या साराच्या पुडीचा डबा आहे. तो पाठवायचा कुठे, हे आम्हां दोघींना कळत नाही. जहाजाला पत्ता नसतो.

झालं असं, की त्याच्या जहाजाच्या मालकानं जहाज सोडून दिलं. भाकड गाय बाजारच्या रस्त्यावर सोडून देतात तसं. एका परक्या बंदराबाहेर ते नांगर टाकून उभं होतं, तेवढ्यात काही भांडण कोर्टात गेलं. कोर्टानं मालकाला बोलावलं तर मालक म्हणजे एक कंपनी निघाली, ती कंपनी दुसऱ्या कंपनीची, आणि दुसरीच्या दाराला कुलूप. खलाशी एकेक करून घरी गेले. कप्तान आजारी पडला, तोही गेला. पण रिकामं जहाज समुद्रात ठेवत नाहीत, ते वाहत जाऊन दुसऱ्यावर आदळेल. म्हणून कोर्टानं उरलेल्यांत जो वरचा, त्यालाच जहाजाचा राखणदार नेमलं. तो तुमचा नातू. दुसरा राखणदार आल्याशिवाय त्यानं जहाज सोडायचं नाही. दुसरा कोणी आणायचा? मालकानं. त्याच्या सोबतीला एक म्हातारा आचारी तेवढा आहे. त्याच्या देशात लढाई झाली, आणि आता त्याचं घर नक्की कुठल्या देशात पडतं हेच ठरलेलं नाही, म्हणून त्यालाही कोणी नेत नाही.

सकाळी मी कॉफी गाळत असते तेव्हा कधी कधी फोन वाजतो. जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावर चढलं की बंदराचा सिग्नल सापडतो म्हणे. "आत्ते, टिफिन आयिता?" हा त्याचा पहिला प्रश्न. नाश्ता झाला का, हे मराठीत विचारायला त्याला अजून जमत नाही. आपल्या घरची मराठी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मी कन्नड झाली.

"माझं राहू दे. तू काय खाल्लंस?"

"भात आणि कांदा."

"आणि काल?"

"काल चेंज होता. कांदा आणि भात."

वहिनी फोन हिसकावून घेते, पदर डोळ्यांना लावते, आणि विचारते, "पाऊस आहे का रे तिकडे?" तो म्हणतो, "अम्मा, पावसाचीच वाट बघतोय. प्यायचं पाणी आणणारी बोट आली नाही." मग घाईघाईनं हसतो. "टेन्शन बेडा अम्मा, काळजी नको, मी इथला महाराजा आहे. पॅलेस पण आहे, लोखंडाचा. फक्त लाइट नाही." आणि फोन तुटतो. वहिनी फोनकडे बघत उभी राहते आणि मग माझ्याकडे बघते. ते बघणं मला सोसत नाही, अप्पा. कारण देशादेशांनी एकत्र बसून जग कसं चालवावं, याच विषयावर मी आयुष्यभर बोलत आले आहे.

तुम्हाला ते झेंडे आठवतात का? मी तेव्हा दहा वर्षांची असेन. कुठल्याशा कॉलेजात जगाच्या सभेचं नाटक करायचं होतं आणि त्यासाठी सगळ्या देशांचे झेंडे छापायचं काम तुमच्याकडे आलं होतं. मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या आहेत, ओले झेंडे वाळताहेत, आणि मी त्यांच्या खालून पळते आहे. कपाळावर लाल थेंब पडतो, मग हिरवा. मी विचारते, "अप्पा, हा कुठला देश?" तुम्ही पिंपातून मान वर न करता म्हणता, "गोत्तिल्ला, मला काय ठाऊक. निळा नीट बसलाय की नाही ते बघ." मोठे देश, चिमुकले देश, एकमेकांचे वैरी देश, सगळे एका मापाचे, एका दोरीवर, एकाच वाऱ्यात. मला वाटतं माझी सगळी मतं त्या अंगणातच तयार झाली. पुस्तकं मी नंतर वाचली. एका झेंड्याचा रंग पसरला म्हणून तो तुम्ही बाजूला टाकला होता. आईनं त्याची पिशवी शिवली, तुम्ही त्या पिशवीला निळा काठ छापलात आणि मला दिलीत. त्या पिशवीतून मी एम. ए.पर्यंत पुस्तकं वाहिली.

त्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. "ही जगाची सभा म्हणजे काय ग? पंचायत का?" मला उत्तर येत नव्हतं. पुढे मी याच प्रश्नाच्या उत्तरावर नोकरी केली, टाळ्या मिळवल्या, आणि तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगते.

पंचायतच आहे, अप्पा, पण माणसांची नाही, देशांची. सभासद व्हायला आधी देश असावं लागतं. सगळे सभासद बसतात ती मोठी सभा. तिथे मोठ्या देशाला एक मत आणि आपल्या जिल्ह्याएवढ्या बेटालाही एकच मत. हेच मला अंगणात दिसलं होतं. ती सभा ठराव करते. पण तिचे बहुतेक ठराव म्हणजे विनंत्या. ज्याला ऐकायचं तो ऐकतो. सगळ्यांवर बंधन घालणारा हुकूम द्यायची ताकद आहे ती एका छोट्या परिषदेकडे. तिच्यात काही देश आळीपाळीनं बसतात आणि पाच देश कायमचे. एका मोठ्या युद्धात जिंकलेले पाच. त्या पाचांतला एक जरी नाही म्हणाला तर बाकी सगळ्यांचं हो वाया. रोजचं काम बघायला एक कचेरी असते, तिचा एक मुख्य असतो. त्याला अख्खं जग ओळखतं, पण त्याच्या हाती ना फौज ना तिजोरी. देश वर्गणी देतील त्यावर चूल पेटायची. न्यायालयही आहे. तिथे देशानं देशावर खटला घालायचा, तोही दोघे कबूल असतील तर. बाईमाणसानं आपल्या भाच्यासाठी तिथे जाऊन उभं राहायचं म्हटलं, तर उभं राहायला जागाच नाही.

मग एकेका कामाच्या वेगळ्या संस्था. आरोग्याची वेगळी, टपालाची वेगळी, हवामानाची वेगळी. जहाजांची आहे, कष्टकऱ्यांची आहे. कष्टकऱ्यांच्या संस्थेवर मी किती प्रेमानं बोलायची! तिथे नुसती सरकारं बसत नाहीत. सरकारांच्या बाजूला मालकांची आणि मजुरांची माणसं बसतात आणि आपापलं मत देतात. मी वर्गात सांगायची, जगात एवढी एकच चूल आहे जिच्याभोवती तिघेही बसतात. तिथे नियम होतात, चांगले होतात. टाकून दिलेल्या खलाशांना अन्न, पाणी आणि घरी जायचं तिकीट मिळालं पाहिजे असा नियमसुद्धा आहे. पण तो नियम ज्या देशानं मान्य केला त्यालाच लागू. आणि जहाजाला लागू कोणी करायचा? ज्याचा झेंडा जहाजावर आहे, त्या देशानं.

आणि झेंडा कोणाचा? मालक एका देशातला, बंदर दुसऱ्या देशाचं, खलाशी भलतीकडचे, आणि झेंडा एका बेटाचा, ज्या बेटाच्या किनाऱ्याला ते जहाज कधी लागलेलंही नाही. झेंडा भाड्यानं मिळतो, अप्पा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं, परीक्षेत त्यावर प्रश्न काढला होता. तो झेंडा आपल्या घरातल्या माणसाच्या डोक्यावर फडफडेल असं वाटलं नव्हतं.

मी जहाजांच्या संस्थेत विचारलं. फोनवरची बाई फार अदबीनं बोलली. म्हणाली, आम्ही देशांची संस्था आहोत, तुमच्या सरकारमार्फत या. आपल्या सरकारात विचारलं. तिथला अधिकारीही सज्जन निघाला. म्हणाला, मॅडम, आम्ही बंदराच्या देशाला कळवलंय, पण ते त्यांच्या कोर्टाचं काम आहे, आम्ही कसं सांगणार? बेटाच्या देशाची कचेरी भलत्याच शहरात निघाली. तिथला माणूस म्हणाला, झेंड्याची मुदत संपली, आता ते जहाज आमचं नाही. म्हणजे ते आता कोणाचंच नाही. खलाशांच्या संघटनांची एक जागतिक संघटना आहे. ती देशांची नाही, माणसांची. फक्त तिथे एक जण म्हणाला, "ताई, त्या बंदरात आमचा माणूस नाही. पण मुलाचा नंबर द्या, मी त्याच्याशी बोलत जाईन." आणि तो खरोखर बोलतो. बाकीही कुणी वाईट वागलं नाही, अप्पा. हाच तर त्रास आहे. कोणीतरी वाईट भेटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, ती विद्या मला येते. इथे प्रत्येक जण आपल्या खुर्चीवर नीट बसलेला आहे, आणि सगळ्या खुर्च्यांच्या मधल्या जागेत माझा भाचा कांदा चिरतोय.

मागच्या महिन्यात मी शहरातल्या सभागृहात याच्यावर बोलले. सभागृह भरलं होतं, लोक पायऱ्यांवर बसले होते. मराठीत सुरू केलं, कन्नडमध्ये गेले, शेवट इंग्रजीत. पाच देशांचा तो हक्क म्हणजे माणुसकीच्या गळ्यातला फास आहे म्हणाले. एक देश, एक मत, आणि कोणाचाही शब्द शेवटचा नाही, म्हणाले. महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेली कंपनीतली मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरी आले तर वहिनी चपात्या लाटत होती. बन्नूरहून तिचा भाऊ उसाचा गूळ घेऊन आला होता, तो पिशवीतच होता. ती वर न बघता म्हणाली, "अक्का, एवढं जगाला सांगता, जगाला एक फोन करा की." टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की माझ्याकडे नंबर असेल.

आणि मला तुमचं वाक्य ऐकू आलं. तेच स्वयंपाकघर, तुम्ही पाटावर बसलेले.

मी एकोणीस वर्षांची आहे. आपल्या समाजाच्या छत्रात, म्हणजे कार्यालयात, बैठक आहे. माझ्या मैत्रिणीचं लग्न परजातीतल्या मुलाशी ठरलं आहे आणि तिच्या वडिलांनी लग्नासाठी छत्र मागितलं आहे. रीत तुम्हाला माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. छत्र उभं केलं पाच घरांनी, म्हणून ताटात पाच विडे मांडायचे. विषय बोलून झाला की ताट त्या पाच घरांच्या यजमानांपुढून फिरवायचं. पटलं तर विडा उचलायचा. न पटलं तर हात मांडीवर. बोलायचं नाही, कारण सांगायचं नाही. बाकीच्या घरांनी हवं ते म्हणावं, पण एक विडा ताटात उरला की विषय पडला. त्या दिवशी चार विडे उचलले गेले. ताट तुमच्यापुढे आलं आणि तुमचा हात मांडीवरून हलला नाही. मी बायकांच्या मागच्या रांगेतून उठले आणि बोलले. माझं पहिलं भाषण ते. समतेवर बोलले, दोरीवरच्या झेंड्यांवर बोलले, तुमचं नाव न घेता तुमच्यावर बोलले. बायका रडल्या. माझ्या मैत्रिणीनं पुढे रजिस्टर लग्न केलं आणि ती परत मोहल्ल्यात आली नाही.

घरी आल्यावर आई जेवण वाढत होती. तुम्ही म्हणालात, "भाषण चांगलं झालं. विडा ताटातच आहे."

मी ताटावरून उठले. तुम्ही मात्र भात मागून घेतलात, दुसऱ्यांदा सार मागून घेतलंत, आणि हात धुताना कसलंसं गाणं गुणगुणत होतात. त्या गुणगुणण्याचा मला तुमच्या नकारापेक्षा जास्त राग आला. मी ओरडले, "एका माणसाच्या नाहीमुळं सगळ्यांचं हो मरतं, हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "ए, सुम्ने, गप बस. ही पाच घरं पाण्याच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडत होती. प्रत्येकाला नाही म्हणायला दिलं म्हणून एका छताखाली आली. तो हक्क काढ, छतच राहणार नाही." पुढे वाचताना मला कळलं की जगातली ती पाचांची खुर्चीही याच युक्तिवादावर उभी आहे. शब्दसुद्धा साधारण तुमचेच. पण मला तो तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. तुम्ही चुकलात, अप्पा. ती पोर मोहल्ल्यातून गेली ती तुमच्यामुळे.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट मात्र मी कधी तुमच्या त्या नकाराच्या शेजारी ठेवून पाहिली नव्हती. बाजारातल्या ज्या दुकानाला आपण वर्षानुवर्षं कापड द्यायचो, तिथे मी तुमच्याबरोबर गठ्ठा घेऊन गेले होते. तुम्ही पायरीवर उभे होतात. आतून पोरसवदा मालक म्हणाला, "आता मिलचं छापील येतं, रंगारी. हे घेऊन जा." तुम्हाला आतही बोलावलं नाही. तुम्ही गठ्ठा खांद्यावर घेतलात आणि तसेच परत निघालात. मिलचं कापड, दुकानदार, बाजार, कुणापुढे तुमचं काही चाललं नाही. मग रविवारी बैठक झाली.

दादा गेल्यावर आपल्या घराचा विडा माझ्याकडे आला. बाई यजमान कशी, यावर गदारोळ झाला, पण बाकी चारही घरांनी विडा उचलला. मी छत्रातल्या चटईवर, तुमच्या जागेवर बसते. आणि काल बैठक होती. एका तरुण मुलीनं विषय मांडला की ही पाच विड्यांची रीत बंद करावी. प्रत्येक घराला एक मत, जास्त मतं पडतील तो निर्णय. ती माझी भाषणं ऐकून मोठी झालेली. दोरीवरचे झेंडे तिनं माझ्याकडूनच घेतले होते, तसेच्या तसे. बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं वर्गातली हुशार मुलगी बघते. पण रीत मोडायची तरी रीतीनंच मोडावी लागते; ताट फिरलंच. तिकडेही असंच आहे, अप्पा. पाचांचा हक्क काढायचा असेल तर त्या पाचांनीच हो म्हणायला लागतं.

काल सकाळी फोन आला होता. आचाऱ्याला ताप होता. तुमचा नातू या वेळी एकही विनोद न करता म्हणाला, "आत्ते, तू कोणालातरी सांग ना." मी म्हणाले, सांगते.

पहिला विडा उचलला गेला. दुसरा. तिसरा. चौथ्या घरचे वृद्ध यजमान, जे नक्की नाही म्हणतील अशा भरवशानं मी नाराज व्हायची तयारी करून आले होते, त्यांनीही उचलला आणि माझ्याकडे बघून हसले, "घ्या अक्का, तुमचं राज्य आलं." ताट माझ्यापुढे आलं. एकच विडा. सगळं छत्र माझ्या हाताकडे बघत होतं. गेले कित्येक महिने मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या कोणाचंही माझ्या हो-नाहीवाचून काही अडलं नव्हतं. इथे मात्र मी हात हलवेपर्यंत पंखासुद्धा फिरायचा थांबल्यासारखा वाटत होता.

माझा हात मांडीवरच राहिला.

"मॅडम?" ती मुलगी म्हणाली. मग मराठीत, "आत्या, चुकून ना?"  कारण सांगायचं नसतं. वृद्धांनी जरा वाट पाहिली, मग म्हणाले, "आयितु. विषय पडला." ती मुलगी उठून गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येत होता.

घरी वहिनीनं विचारलं, काय झालं बैठकीत? मी म्हणाले, काही नाही. तिनं वाढलं. हे पत्र मी आता स्वयंपाकघरातच बसून लिहिते आहे. लिहून झालं की फळीवर, साराच्या पुडीच्या डब्याखाली ठेवीन. डब्याला पत्ता नाही, तुम्हालाही नाही. त्या मुलीला मी उद्या काय सांगणार आहे, ठाऊक नाही. जे केलं ते चूक आहे, हे मला भर सभेत सिद्ध करून दाखवता येईल, तासभर, टाळ्यांसकट. पण तुम्हाला म्हणून सांगते, अप्पा. काल मी दोनदा सार मागून घेतलं.